अँफिबियस एटीव्हीचे क्लच स्प्रिंग अपग्रेड कसे करायचे

सहा किंवा आठ चाकांची, जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालणारी एटीव्ही ज्यांच्याकडे आहे त्यांची एक तक्रार ठरलेली असते, गाडी सरळ मस्त जाते पण वळवायला घेतली की इंजिन दबतं आणि बेल्टचा जळका वास सुटतो. मग कोणीतरी सांगतं की कडक स्प्रिंग टाक, सगळं सुटेल. मी पण तेच केलं होतं, मिळाली त्यातली सगळ्यात कडक प्रायमरी (पुढच्या, इंजिनकडच्या क्लचची) स्प्रिंग आणून बसवली, आणि झालं काय तर गाडी २२०० आरपीएमपर्यंत (इंजिनचे मिनिटाला फेरे) जागची हलायची नाही आणि मग एकदम झटका मारून सुटायची, वरच्या टोकाला बेल्ट पुलीवर पूर्ण चढायचाच नाही, आणि महिन्याभरात नवाकोरा बेल्ट संपला. तेव्हापासून मी स्प्रिंग मोजल्याशिवाय घेत नाही आणि बसवत पण नाही. खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं मोजण्याबद्दलच आहे, खोलाखोली त्यामानाने सोपी आहे.

आधी एक समजून घ्या की ह्या गाडीला क्लच स्प्रिंगचा एवढा फरक का पडतो. साध्या चार चाकी एटीव्हीत हँडल फिरवलं की पुढची चाकं वळतात, इंजिनवर लोड फारसा वाढत नाही. आपल्या गाडीत चाकं वळतच नाहीत, एका बाजूची चाकं ब्रेक लावून थोपवायची आणि दुसऱ्या बाजूने ढकलायचं, म्हणजे वळताना टायर जमिनीवर आडवे घासत जातात आणि त्या दोन-तीन सेकंदात इंजिनवरचा भार एकदम वाढतो. कोरड्या कडक जमिनीवर हे सगळ्यात जास्त जाणवतं, आणि टायरवरून ट्रॅक म्हणजे रबरी पट्टे चढवले असतील तर विचारूच नका. त्या क्षणी बेल्ट क्लचने (बेल्ट आणि दोन पुल्या मिळून आपोआप गिअर बदलतात तो) लगेच खालच्या रेशोत, म्हणजे कमी वेग पण जास्त ताकदीत, यायला पाहिजे, ते आलं नाही की एकतर इंजिन दबणार नाहीतर बेल्ट घसरणार. म्हणजे बहुतेक लोकांना जे पाहिजे असतं ते म्हणजे गाडीने लोड आल्यावर पटकन 'डाउनशिफ्ट' करणं, आणि ते काम मुख्यतः मागच्या म्हणजे सेकंडरी क्लचच्या स्प्रिंगचं आहे, पुढच्या प्रायमरीचं नाही. आणि लोक पहिला हात घालतात प्रायमरीला.

दोन्ही क्लच थोडक्यात सांगतो. इंजिनच्या क्रँकशाफ्टवर असतो तो प्रायमरी. त्याच्यात वजनं असतात, इंजिन फिरायला लागलं की ती बाहेर फेकली जातात आणि पुलीच्या दोन थाळ्या जवळ आणतात, स्प्रिंग त्यांना उलट बाजूला म्हणजे उघडं ठेवायला बघते. वजनांचा जोर स्प्रिंगपेक्षा जास्त झाला की थाळ्या बेल्ट पकडतात आणि गाडी हलते, आणि जसजसा आरपीएम वाढेल तसा बेल्ट पुलीवर बाहेरच्या बाजूला चढत जातो. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असतो तो सेकंडरी. त्याच्यात उलट, स्प्रिंग थाळ्या बंद ठेवायला बघते आणि बेल्ट आत खेचला जाऊन त्यांना उघडतो. सेकंडरीत अजून एक तिरका कॅम असतो, त्याला हेलिक्स म्हणतात, चाकांवर लोड आला की हा कॅम थाळ्या अजून दाबतो. सेकंडरीची स्प्रिंग बहुतेक वेळा नुसती दाबलेली नसते, पिळलेली पण असते, हे पुढे कामाला येणारे.

तर प्रायमरी स्प्रिंग ठरवते गाडी किती आरपीएमला पकड घेणार, आणि दोन्ही स्प्रिंगांची ओढाताण ठरवते की पुढे रेशो कधी बदलणार आणि लोड आल्यावर किती लवकर परत येणार.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, इंजिन कुठलं आहे. नंतरच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये फोर-स्ट्रोक इंडस्ट्रियल टाइपचं इंजिन येतं आणि त्याला गव्हर्नर असतो जो साधारण ३६०० आरपीएमच्या आसपास इंजिन धरून ठेवतो. जुन्या गाड्यांमध्ये टू-स्ट्रोक इंजिनं होती, ती ह्याच्या कितीतरी वर फिरतात. स्नोमोबाइलच्या क्लचचे स्प्रिंग भरपूर व्हरायटीत मिळतात आणि दिसायला अगदी आपल्यासारखेच असतात, काही तर बसतात पण, पण ते अशा इंजिनासाठी असतात की जिथे पकडच ३००० च्या पुढे घ्यायची असते. अशी स्प्रिंग ३६०० ला थांबणाऱ्या इंजिनाला लावली तर रेशो बदलायला जागाच राहत नाही, पकड घ्यायच्या आतच सगळा आरपीएम संपतो. आणि ह्यावर उपाय म्हणून गव्हर्नर सैल करायच्या भानगडीत कृपया पडू नका, त्या इंजिनांचे कनेक्टिंग रॉड आणि फ्लायव्हील त्या वेगासाठी बनवलेले नसतात, आणि तुम्ही त्या इंजिनाच्या अगदी जवळ बसलेले असता.

स्प्रिंगची ऑर्डर द्यायच्या आधी हे बघून घ्या, कारण अर्ध्या वेळेला स्प्रिंगचा दोषच नसतो. बेल्टची वरची रुंदी कॅलिपरने मोजा आणि नवीन बेल्टच्या मापाशी ताडून बघा, दोन-तीन मिलिमीटरने बारीक झालेला बेल्ट असेल तर आधी तो बदला, बारीक बेल्ट पुलीत खोल बसतो आणि लक्षणं स्प्रिंग बिघडल्यासारखी दाखवतो. बेल्टची बाजू काचेसारखी चकाकत असेल तर तो घसरून भाजलेला आहे. मग दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का आणि मधलं अंतर मॅन्युअलप्रमाणे आहे का ते सरळ पट्टी लावून बघा, इंजिनचे माउंट रबराचे असतात आणि जुने झाले की इंजिन एका बाजूला कलतं. बेल्ट काढून दोन्ही क्लच हाताने उघड-बंद करून बघा, कुठेतरी अडकत अडकत येत असेल तर बुश झिजलेत किंवा आत गंज आणि बेल्टची काळी धूळ साचलीय. नुसतं साफ करून, झिजलेले बुश बदलून गाडी परत पहिल्यासारखी झालेली मी बऱ्याचदा बघितलीय आणि मग स्प्रिंगला हातच लावावा लागला नाही. आपल्या गाडीत तर क्लच हलच्या (गाडीच्या होडीसारख्या बॉडीच्या) आत, त्याच हलमध्ये पाणी पण येतं जातं, त्यामुळे गंज हा कायमचा पाहुणा आहे.

आयडलला गाडी आपोआप पुढे सरकते, न्यूट्रलमध्ये टाकताना गिअर करकरतात, ही तक्रार असेल तर प्रायमरी स्प्रिंग थकून ढिली झाली असण्याची शक्यता आहे, पण आयडल आरपीएम जास्त सेट झालाय का आणि बेल्ट फार टाइट आहे का हे आधी तपासा, ते फुकट आहे.

नोंदी घ्या, आत्ता आहे ती परिस्थिती लिहून ठेवा

एक छोटा टॅकोमीटर घ्या, प्लगच्या वायरला गुंडाळायचा येतो तो चालतो. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा. मग सपाट जागी हळूहळू अॅक्सिलरेटर दाबत गाडी नेमकी कितीला हलते ते लिहा, तीन-चार वेळा करा, सरासरी धरा. मग पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन सरळ जाताना आरपीएम किती, आणि पूर्ण अॅक्सिलरेटरवर वळताना किती खाली येतो ते लिहा. हा तिसरा आकडा आपल्या गाडीत सगळ्यात बोलका. ३५०० वरून ३२०० वर आला तर ठीक, पण २४००-२५०० पर्यंत पडत असेल तर सेकंडरी वेळेवर खाली येत नाहीये.

अजून एक साधी युक्ती, इंजिन बंद असताना प्रायमरीच्या थाळीवर मधून कडेपर्यंत जाड मार्करने सरळ रेघ मारा, कव्हर लावून फुल स्पीडला एक फेरी मारून या आणि परत उघडून बघा. बेल्ट जिथपर्यंत चढला तिथपर्यंत रेघ पुसली गेलेली असते. कडेपर्यंत पुसली असेल तर पूर्ण रेशो वापरला जातोय, मध्येच थांबली असेल तर काहीतरी अडवतंय. फेरी संपल्या संपल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही पुल्यांचं तापमान पण घ्या. प्रायमरी जास्त तापली असेल तर घसरण तिथे आहे, सेकंडरी जास्त तापली तर तिथे बेल्टवर पकड कमी पडतेय. हाताने चटका बघायचा नाही.

कव्हर काढून इंजिन चालू करायचं नाही, बघण्यासाठी एक मिनिट पण नाही. त्या वेगात बेल्टचा तुकडा किंवा वजनाची पिन सुटली तर ती गोळीसारखी येते.

सेकंडरी आधी, आणि बऱ्याचदा पैसे न घालवता

सेकंडरीच्या पिळलेल्या स्प्रिंगचं एक टोक थाळीत अडकतं आणि दुसरं कॅममध्ये, आणि बऱ्याच क्लचमध्ये ह्या टोकासाठी एकापेक्षा जास्त भोकं दिलेली असतात, कुठे १-२-३ असे आकडे असतात, कुठे अक्षरं. पुढच्या भोकात टाकली की पीळ वाढतो, म्हणजे तीच स्प्रिंग जास्त कडक झाली. माझं ठाम मत आहे की नवीन स्प्रिंग आणायच्या आधी एक भोक पुढे जाऊन बघाच. ज्यांची तक्रार फक्त वळताना दबण्याची आहे त्यातल्या बऱ्याच जणांचं काम इथेच होतं.

आत्ता किती पीळ आहे ते मोजायला बॅगा मोजायचा हुकवाला डिजिटल काटा पुरतो. बेल्ट काढा, गाडी गिअरमध्ये टाकून पार्किंग ब्रेक लावा म्हणजे शाफ्ट फिरणार नाही, काट्याचा हुक हलणाऱ्या थाळीच्या कडेला अडकवा, छोटा क्लॅम्प लावला तर बरं पडतं, आणि थाळी जिकडे उघडते त्या दिशेला कडेच्या रेषेत सरळ ओढा. थाळी हलायला सुरुवात होते तो आकडा लिहा. दरवेळी तीच जागा, तीच दिशा, नाहीतर आकड्यांची तुलना करता येणार नाही. हा आकडा दुसऱ्याच्या गाडीशी ताडू नका, थाळीचा व्यास वेगळा असला की आकडा वेगळा येणारच, तुमच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यातला फरक महत्त्वाचा.

खोलताना: चावी काढून बाजूला ठेवा, प्लगची वायर पण काढा. सेकंडरी शाफ्टवरून काढून टेबलावर घ्या, डोळ्याला चष्मा लावा. कॅम सर्क्लिपने (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी रिंग) धरलेला असतो आणि त्याच्या खाली स्प्रिंग दाबलेली आणि पिळलेली दोन्ही आहे, त्यामुळे सर्क्लिप निघाली की कॅम वर पण उडतो आणि फिरतो पण. एकट्याने करू नका, एकाने दोन्ही तळव्यांनी कॅम दाबून धरायचा आणि दुसऱ्याने सर्क्लिप काढायची, मग कॅम हळूहळू वर येऊ द्यायचा आणि तो किती फिरतो त्याकडे लक्ष ठेवायचं. त्याआधी मार्करने कॅम आणि थाळी दोन्हीवर एक सरळ खूण करून ठेवा, आणि स्प्रिंगची दोन्ही टोकं कुठल्या भोकात होती त्याचा फोटो काढा. हे फोटो काढायचं राहून गेलं की संध्याकाळ जाते.

आत उघडलंच आहे तर कॅमवर घासणारे प्लास्टिकचे बटण बघा, चपटे झाले असतील किंवा एखादं गायब असेल तर सगळे एकदम बदला. कॅमच्या उतारावर खाच पडली असेल तर स्प्रिंग कितीही कडक टाका, थाळी त्या खाचेत अडकणार. बारीक खरखर असेल तर पाण्याच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढता येते. आणि इथे तेल-ग्रीस लावायचा मोह आवरा, मॅन्युअलमध्ये स्पष्ट सांगितलं असेल ती जागा सोडून सगळं कोरडं ठेवायचं, ग्रीस फिरताना बाहेर उडतं आणि बेल्टवर बसतं. ब्रेक क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा, थेट फवारलं तर काही प्लास्टिकचे बुश खराब होतात.

बसवताना उलटा क्रम, स्प्रिंग नव्या भोकात, कॅम ठेवून पिळाच्या दिशेने फिरवायचा जोवर त्याचे उतार बटणांच्या पलीकडे बसत नाहीत, मग दाबून सर्क्लिप. सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली का ते स्क्रू ड्रायव्हरने गोल फिरवून बघा. उलट्या दिशेने पीळ दिला गेला तर थाळी बंद राहणारच नाही, हाताने उघडून सोडली की ती खट्कन बंद झाली पाहिजे.

आता परत त्याच जागी, त्याच तीन आकड्यांची फेरी मारा. वळताना आरपीएमची घसरण आधीपेक्षा कमी झाली असेल तर काम झालं. शेवटच्या भोकापर्यंत जाऊनही पुरत नसेल, मोठे टायर किंवा ट्रॅक चढवले असतील, मागे जड ट्रेलर ओढत असाल, तेव्हा कडक सेकंडरी स्प्रिंग घ्यायला अर्थ आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा की सेकंडरी जेवढी कडक तेवढा बेल्टवर कायम दाब जास्त, म्हणजे रिकाम्या गाडीत सरळ चालताना पण बेल्ट जास्त तापणार आणि वरचा स्पीड थोडा जाणार. ट्रॅक काढून ठेवलेत तर स्प्रिंग पण मागच्या भोकात आणा.

प्रायमरी स्प्रिंगचं गणित

प्रायमरीची स्प्रिंग घेताना 'कडक' हा शब्द विसरा, दोन आकडे विचारा. क्लच उघडा असताना स्प्रिंग जेवढ्या लांबीला दाबलेली असते तिथे किती जोर, आणि क्लच पूर्ण बंद झाल्यावर जेवढी लांबी उरते तिथे किती जोर. पहिला आकडा पकड ठरवतो, दुसरा वरच्या टोकाचं शिफ्टिंग. रंगावर जाऊ नका, कंपन्या स्प्रिंगला रंग देतात पण एका कंपनीचा पिवळा आणि दुसऱ्या कंपनीचा पिवळा ह्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आकडे मिळत नसतील तर घरी मोजता येतात. ड्रिल मशीनचा उभा स्टँड असेल तर त्याच्या टेबलावर डिजिटल वजनकाटा ठेवा, त्याच्यावर स्प्रिंग, चकमध्ये एक जाड बोल्ट उलटा धरून त्याच्या डोक्याखाली वॉशर, मशीन बंद ठेवून हँडलने दाबत जा आणि ठरलेल्या लांबीला काट्यावरचा आकडा वाचा. स्प्रिंग तिरकी होऊन उडू नये म्हणून मधून एक सळी असू द्या.

समजा ६० मिलिमीटरला २० किलो आणि ३५ मिलिमीटरला ५५ किलो आलं. म्हणजे २५ मिलिमीटर दाबायला ३५ किलो वाढले, दर मिलिमीटरला १.४ किलो. आता दुसरी स्प्रिंग बघितली, ६० ला २८ आणि ३५ ला ५५, म्हणजे दर मिलिमीटरला साधारण १.१ किलो. हाताने दाबून बघितलं तर पहिली जास्त कडक वाटेल कारण ती झपाट्याने जड होत जाते, पण गाडीत दुसरी स्प्रिंग पकड उशिरा देईल आणि वरच्या टोकाला दोन्ही सारख्याच वागतील. त्यामुळे हातात घेऊन दाबून स्प्रिंग निवडणं म्हणजे अंदाजपंचे काम आहे.

वजनांचा जोर आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे एकदा डोक्यात बसलं की अंदाज बांधणं सोपं जातं. पकड १५०० वरून १८०० वर न्यायची असेल तर १८०० भागिले १५०० म्हणजे १.२, त्याचा वर्ग १.४४, म्हणजे उघड्या स्थितीतला स्प्रिंगचा जोर ४४ टक्के वाढवावा लागेल. वरच्या उदाहरणात २० चे २८ झाले म्हणजे ४० टक्के, तर १५०० ची पकड साधारण १७७५ च्या जवळ जाईल. अगदी नेमकं नाही येत, बुशमधलं घर्षण, बेल्टची झीज सगळं त्यात येतं, पण ५० आरपीएम इकडेतिकडे एवढं बरोबर निघतं.

गव्हर्नरवाल्या इंजिनाला मी पकड १८०० च्या फार पुढे नेत नाही, आयडलपासून चारपाचशे वर असली की भरपूर. त्याचं कारण फक्त झटका नाहीये, उतार आहे. प्रायमरी जेवढ्या आरपीएमला पकडतो त्याच्याच आसपास, थोडं खाली, तो सोडतो पण. पकड वर नेली की सोडणं पण वर जातं, म्हणजे उतारावर अॅक्सिलरेटर सोडून येताना गाडी लवकर मोकळी सुटते आणि इंजिन ब्रेकिंग गायब. पाण्याच्या काठाला उतरताना नेमकी हीच परिस्थिती असते, ओला उतार, समोर पाणी, आणि गाडी अचानक हलकी होऊन धावायला लागते. स्प्रिंग बदलल्यावर पहिल्यांदा एखाद्या छोट्या, पायथ्याशी मोकळी जागा असलेल्या उतारावर हे अनुभवून घ्या, आणि ब्रेक आधी तपासून ठेवा.

प्रायमरी काढताना मधला बोल्ट सोडवायचा, त्यासाठी क्लच पट्टापान्याने धरा, थाळ्यांच्या मध्ये लोखंडी सळी घालून अडवायचं नाही, ओतीव थाळीचा टवका उडतो. मग क्लच ओढून काढायला तुमच्या मॉडेलचाच पुलर बोल्ट, दुसऱ्याचा जवळपास बसतोय म्हणून घातला तर आतले आटे जातात. टोकाला थोडं ग्रीस, घट्ट करा, नाही निघाला तर पुलरच्या डोक्यावर हातोडीचा एक सरळ ठोका आणि परत घट्ट. बाजूने थाळीवर ठोकायचं नाही. क्रँकशाफ्ट टेपरवाला (निमुळता) असेल तर परत बसवताना टेपर आणि क्लचचं भोक दोन्ही एकदम कोरडं आणि स्वच्छ पाहिजे. सरळ चावीवाला शाफ्ट (चावी म्हणजे खाचेत बसणारी धातूची पट्टी) असेल तर चावीची कड गोल झालीय का बघा आणि गंज काढा.

प्रायमरीचं स्वतःचं कव्हर खोलायच्या आधी ते कव्हर, मधला भाग आणि थाळी ह्या सगळ्यांवर एका रेषेत खूण करा. काही क्लचवर कंपनीचीच खूण असते, शोधा. हे सगळे भाग एकत्र बॅलन्स केलेले असतात, एक घर सरकून बसले तर इंजिनाला थरथर येते आणि क्रँकशाफ्टचं बेअरिंग त्याची किंमत मोजतं. कव्हरचे स्क्रू सोडवताना स्प्रिंग कव्हर वर ढकलत असते. मी एक लांब आट्याची सळी मधून घालतो, दोन्ही बाजूला जाड वॉशर आणि नट, ते घट्ट करून मगच स्क्रू काढायचे आणि नंतर नट हळूहळू सैल करत स्प्रिंग मोकळी करायची. वजनांच्या पिन आणि रोलर हलवून बघा, लंबगोल भोकं झाली असतील तर ती आधी दुरुस्त करा. जुनी स्प्रिंग मोकळी ठेवून नवीन शेजारी उभी करा, बाहेरचा-आतला व्यास आणि तारेची जाडी बघा. एक गोष्ट लोक विसरतात, स्प्रिंग पूर्ण दाबल्यावर तिचे सगळे वेढे एकमेकांना टेकायला नकोत, ते टेकले तर थाळ्या पूर्ण बंद होणार नाहीत. वेढ्यांची संख्या गुणिले तारेची जाडी, ही लांबी बंद क्लचच्या लांबीपेक्षा कमी पाहिजे, दोन-तीन मिलिमीटर तरी.

बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला टॉर्क पान्यानेच. दहा-पंधरा मिनिटं चालवून, गार होऊ देऊन टॉर्क परत एकदा बघा.

एका वेळी एकच स्प्रिंग बदला. दोन्ही एकदम बदलल्या आणि गाडी बिघडली तर कोणामुळे ते कळत नाही, सुधारली तरी कळत नाही. नवीन बेल्ट पण त्याच दिवशी टाकू नका. नवीन बेल्ट टाकलाच तर पहिले काही तास हलक्या हाताने, ट्रेलर न जोडता, मधूनमधून स्पीड बदलत चालवा आणि मगच आकडे घ्या.

चाचणीत पूर्ण अॅक्सिलरेटरवर आरपीएम लगेच गव्हर्नरला टेकतोय पण स्पीड येत नाही आणि मार्करची रेघ अर्धीच पुसली जाते, म्हणजे प्रायमरीचा वरचा आकडा किंवा सेकंडरीचा पीळ जास्त झालाय. उलट स्पीड लवकर येतो पण इंजिन धापा टाकतं, तर तो कमी आहे. पकड घेताना बेल्ट चिरकतो आणि प्रायमरी तापते, तर पकड फार वर गेलीय, किंवा थाळीवर तेलकट हात लागलाय, आधी ते पुसून बघा.

पाण्यात उतरायची घाई करू नका. जमिनीवर किमान दोन-तीन तास वळणं, चढ, उतार सगळं करून झालं, बेल्टची धूळ नेहमीपेक्षा जास्त पडत नाहीये हे बघितलं, की मग उथळ पाणी, जिथे उभं राहता येईल असं. पाण्यात ही गाडी टायरच्या खाचांनी पाणी ढकलत पुढे जाते, वेगळं सुकाणू नसतं, म्हणजे बेल्ट तुटला किंवा घसरला की पुढे जाणं आणि वळणं दोन्ही एकदम बंद. लाइफ जॅकेट, वल्हं, जादा बेल्ट आणि तो बदलायला लागणारे पाने हे गाडीत पाहिजेतच, आणि पहिल्या वेळी काठावर दोर घेऊन कोणीतरी पाहिजे.

हलमध्ये किती पाणी साचलं की क्लचची खालची कड त्याला टेकते हे एकदा मोजून आतल्या बाजूला खूण करून ठेवा. पुली पाण्याला टेकली की ती पाणी थेट बेल्टवर उडवते आणि ओला बेल्ट घसरतो, मग स्प्रिंग कुठलीही असो. बिल्ज पंप (हलमधलं पाणी बाहेर फेकणारा) त्या खुणेच्या बराच आधी चालू झाला पाहिजे. बाहेर आल्यावर ड्रेन प्लग काढून पाणी सोडा, कव्हर लावूनच गाडी गिअरमध्ये दहा मिनिटं चालवा म्हणजे क्लच स्वतःच्या उष्णतेने सुकतो. खाऱ्या पाण्यात गेला असाल तर आधी गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवा, प्रेशर वॉशर बेअरिंगवर मारू नका. स्प्रिंगवर गंजाचा खड्डा दिसला तर ती स्प्रिंग बाद, स्प्रिंग तुटते ती त्या खड्ड्यातूनच.

नवीन स्प्रिंग पहिल्या काही तासांत थोडी बसते, म्हणजे जरा ढिली होते. दहाएक तास चालल्यावर पकडीचा आरपीएम आणि हुकच्या काट्याचा आकडा परत घ्या. पकड पन्नास-शंभरने खाली आलेली असेल तर ते नेहमीचं आहे, त्यापेक्षा जास्त आली तर स्प्रिंग काढून परत काट्यावर मोजा. मी हे सगळे आकडे तारखेसकट बेल्ट कव्हरच्या आतल्या बाजूला पर्मनंट मार्करने लिहितो, आणि काढलेली जुनी स्प्रिंग तिचे दोन आकडे चिठ्ठीवर लिहून पिशवीत गाडीतच ठेवतो.